शंभर पुस्तकं राहू देत, आधी ती वेलांटी

प्रिय ताई,
मी गोव्यातल्या साखळीची. डिप्लोमा करून पणजीतल्या एका छोट्या कंपनीत प्रोग्रॅमर आहे. हॉटेलांची बुकिंगं आणि देवस्थानांच्या पावत्या यांचं सॉफ्टवेअर आम्ही करतो. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा येते, म्हणजे काम भागतं. अडलं की एआयला विचारते, तो देईल ते चिकटवते, चाललं की पुढे. हल्ली वाटायला लागलंय की आतलं आपल्याला काहीच कळत नाही. मध्यंतरी एका देवस्थानाने पावती मराठीत मागितली. पीडीएफ काढली तर 'विश्वस्त'ची वेलांटी 'व'च्या पुढे जाऊन पडते आणि 'शांतादुर्गा'तला रफार डोक्यावर न चढता पाय मोडलेला 'र' होऊन बसतो. सीनियरने मजकुराचं चित्र करून पावतीवर चिकटवलं आणि विषय संपवला. मला ते खटकत राहिलं. 'प्रोग्रॅमरने वाचलीच पाहिजेत अशी शंभर पुस्तकं' अशी एक यादी मिळाली. त्यातल्या बऱ्याच पीडीएफ उतरवून ठेवल्यात, पण एकही विसाव्या पानाच्या पुढे गेलेली नाही. चौथीपर्यंत मराठी माध्यम, त्यामुळे इंग्रजी वाचते पण सावकाश. ओपन सोर्समध्ये, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरमध्ये, काहीतरी करावं असं फार वाटतं, पण तिथे आपलं इंग्रजी आणि आपला कोड चारचौघांत ठेवायची भीती वाटते. कुठून सुरुवात करू? सहा महिने नोकरी सोडून नुसतं वाचू का?
— वेलांटीत अडकलेली, साखळी

नोकरी सोडू नकोस. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीचं त्यावरच अवलंबून आहे. घरी बसून शंभर पुस्तकं वाचायला घेतलीस तर गणेशचवथीपर्यंतसुद्धा टिकणार नाहीस. आणि नोकरीत तुला जे मिळालंय ते त्या यादीतल्या एकाही पुस्तकात नाही: अडलेला, खरा प्रश्न. तुझ्या सीनियरला तो प्रश्न वाटलाच नाही, तुला वाटला. वाचन तिथून सुरू होऊ दे.

तुझी यादी मी पाहिलेली नाही, पण अशा याद्यांत काय काय असतं ते ठाऊक आहे. सगळ्यात वर डोनाल्ड कनूथ यांचे 'द आर्ट ऑफ कंप्युटर प्रोग्रॅमिंग'चे खंड. पहिला १९६८ साली आला, पुढचे अजून लिहून व्हायचे आहेत. बहुतेकांकडे ती देव्हाऱ्यातली पोथी असते, हळदकुंकू वाहून बंद केलेली. एखादा अल्गोरिदम (प्रश्न सोडवायची पायरीपायरीची रीत) मुळापासून समजून घ्यायची वेळ आली की तेवढं प्रकरण उघडायचं, एरवी नाही. त्याखाली एबलसन आणि ससमन यांचं 'स्ट्रक्चर अँड इंटरप्रिटेशन ऑफ कंप्युटर प्रोग्रॅम्स' असेल. पुस्तक अस्सल आहे आणि अधिकृतपणे फुकट वाचायला मिळतं, पण त्यातले स्वाध्याय न सोडवता नुसतं वाचलं तर हाती काही लागत नाही. ते पुढच्या वर्षी. 'क्लीन कोड' हे नीटनेटका कोड लिहायच्या नियमांचं पुस्तकही असणारच. ते आत्ता मुद्दाम टाळ. दुसऱ्याच्या कोडमध्ये पुरेसे हाल न काढता नियम पाठ केले, की माणूस फक्त इतरांच्या चुका मोजायला शिकतो.

आता वेलांटी. हा प्रश्न दिसतो त्याहून खोल आहे, म्हणून इथे जरा थांबते.

'वि' हे अक्षर फाइलमध्ये 'व' आधी आणि वेलांटी नंतर असंच साठवलेलं असतं. आपण उच्चारतो त्याच क्रमाने. कागदावर मात्र वेलांटी आधी काढायची. 'र्गा' साठवताना क्रम असतो र, हलन्त (पाय मोडल्याची खूण), ग, काना. दाखवताना त्या 'र'चा रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो. ही अदलाबदल फॉन्ट एकटा करत नाही आणि तुमची पीडीएफ लायब्ररी (पीडीएफ बनवणारा तयार कोडचा संच) तर बहुधा करतच नाही. ती एकामागून एक आकार ओळीत मांडत सुटते, म्हणून तुमची पावती तशी निघते. अदलाबदल करणाऱ्या प्रोग्रॅमला शेपिंग इंजिन म्हणतात. त्यातलं सगळ्यात जास्त वापरात असलेलं हार्फबझ. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिबरऑफिस, सगळीकडे तेच. हे उत्तर तू अँड्रॉइड फोनवर वाचत असशील, तर यातला प्रत्येक रफार जागेवर बसवायचं काम त्यानेच केलंय. आणि तो संपूर्ण कोड उघडा आहे.

म्हणजे तुझं पहिलं पुस्तक हे पुस्तकच नव्हे. जगभरच्या लिप्यांतली अक्षरं कंप्युटरात कशी साठवायची ते ठरवणाऱ्या युनिकोड मानकात भारतीय लिप्यांवर एक प्रकरण आहे, त्यातला देवनागरीचा भाग वाच. संकेतस्थळावर फुकट मिळतो. मोजकी पानं आहेत, पण पेन्सिल घेऊन बसायचं. साठवायचा क्रम कोणता, दाखवायचा कोणता, रफार कधी होतो आणि कधी नाही, हे तिथे नियम घालून दिलेलं आहे. भारतीय मानक इस्कीवरून युनिकोडने ही रचना घेतली, म्हणून ती आपल्या बाराखडीला इतकी जवळची वाटते. तुझ्या सावकाश इंग्रजीची इथे अडचण येणार नाही. जगातले बाकीचे प्रोग्रॅमर ही उदाहरणं कोड्यासारखी सोडवतात, तू ती पहिलीपासून पाटीवर गिरवलीस.

दुसरं वाचन: पीडीएफ बनवणाऱ्या, पायथनमधल्या एफपीडीएफ२ या लायब्ररीचा कोड. २०२३ पासून तिच्यात हार्फबझ वापरून शेपिंग करायची सोय आहे, पण ती आपण चालू करावी लागते. मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी घे (दोन्ही फॉन्ट मुक्त परवान्याचे), एकाच ओळीची पीडीएफ शेपिंग बंद ठेवून काढ आणि चालू करून काढ. दोन्ही समोरासमोर ठेव. मग ती सोय कोडमध्ये नेमकी कुठे आहे ते शोध. फाइल वरून खालपर्यंत वाचत जाऊ नकोस. फंक्शनचं नाव पकड, ते कोण बोलावतं ते बघ, मध्येच प्रिंट टाकून काय येतं ते पाहा. त्यानंतर टेस्टचं, म्हणजे कोड नीट चालतो का ते तपासणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमांचं, फोल्डर उघड. परका कोड वाचायला मी नेहमी टेस्टपासून सुरुवात करते. लिहिणाऱ्याला कशाची धास्ती होती ते तिथे उघडं पडतं.

आणि मग तुझं ओपन सोर्स. मराठीच्या काही खोडी हिंदीत नाहीत. 'दऱ्या', 'तऱ्हा' यांतला ऱ घे. हिंदी मजकुरावर तपासणाऱ्याला तो कधी भेटतच नाही. 'ल' आणि 'श' यांची आपली वळणं वेगळी. चांगल्या फॉन्टमध्ये ती दिलेली असतात, पण मजकूर मराठी आहे हे इंजिनाला सांगितलं तरच ती बाहेर येतात. हे सगळं एफपीडीएफ२ मध्ये नीट चालतं का, ते तपास. चाललं तर मराठीची टेस्ट लिहून पाठव, नाही चाललं तर इश्यू, म्हणजे दोषाची तक्रार, लिही. इश्यूला भारी इंग्रजी लागत नाही. मी हे केलं, हे अपेक्षित होतं, हे मिळालं, आवृत्ती ही, फॉन्ट हा, सोबत दहा ओळींचा कोड. सातवीतल्या मुलाच्या इंग्रजीत लिहिलास तरी लायब्ररी सांभाळणारा मेंटेनर खूश होईल, कारण त्याला रोज येणाऱ्या इश्यूंपैकी कित्येकांत यातलं निम्मंही नसतं. एक मात्र सांभाळ. देणगीदारांच्या खऱ्या पावत्या तिथे चिकटवू नकोस. तिथलं सगळं जगाला दिसतं.

हे करताना गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) नीट येत नाही असं लक्षात येईल. तेव्हा 'प्रो गिट' उघड. स्कॉट चॅकन आणि बेन स्ट्राउब यांचं आहे, अधिकृतपणे फुकट. पहिली तीन प्रकरणं हातासरशी करून टाक, बाकीचं लागेल तसं.

दुसऱ्याचा कोड वाचण्यावर मी इतका भर का देते, ते एका जुन्या गोष्टीवरून कळेल. १९७६ साली ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स या प्राध्यापकांनी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सहाव्या आवृत्तीचा गाभा, नऊ हजारांच्या आसपास ओळी, विद्यार्थ्यांसाठी छापला आणि सोबत त्यावर टीका लिहिली. आपल्याकडे ज्ञानेश्वरीवर लिहितात तशी, ओळ घेऊन. पुढे १९७९ मध्ये सातव्या आवृत्तीचा परवाना आला आणि युनिक्सची मालक कंपनी एटी अँड टीने तो कोड वर्गात शिकवायला बंदी घातली. लायन्सची वही मग झेरॉक्सची झेरॉक्स होत जगभर फिरत राहिली. उघडपणे ती छापली गेली थेट १९९६ साली. त्या बंदीमुळेच अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी वर्गात शिकवण्यासाठी १९८७ मध्ये मिनिक्स ही युनिक्ससारखी छोटी सिस्टिम लिहिली, आणि त्याच मिनिक्सवर काम करता करता लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ मध्ये लिनक्स सुरू केलं. कोड वाचू न देण्याने काय काय घडलं बघ. आज तुला झेरॉक्सवाल्याकडे जावं लागत नाही. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाने सहाव्या आवृत्तीच्याच धर्तीवर एक्सव्ही६ नावाची छोटी ऑपरेटिंग सिस्टिम शिकवण्यासाठी केली आहे, टीकेच्या पुस्तिकेसकट ती फुकट मिळते. सी भाषा थोडी आल्यावर तिच्याकडे वळ, घाई नाही.

त्याआधी, घरी टेबलावर लॅपटॉप उघडा ठेवून वाचायचं एक पुस्तक सांगते. माझ्या मते या सगळ्यात सर्वांत कमी वाचलं गेलेलं आणि सर्वांत कामाचं. 'दि आर्किटेक्चर ऑफ ओपन सोर्स ॲप्लिकेशन्स'. २०११ आणि २०१२ मध्ये दोन खंड आले, संपादन एमी ब्राउन आणि ग्रेग विल्सन यांचं. बॅश, ऑडॅसिटी, मूडल, एलएलव्हीएम अशी नेहमीच्या वापरातली सॉफ्टवेअरं आतून कशी बांधली आहेत, ते बहुतेक ठिकाणी बांधणाऱ्यांनीच सांगितलंय. काय फसलं तेही. सलग वाचू नकोस, आपण वापरलेल्या एखाद्या सॉफ्टवेअरचं प्रकरण निवड. याच मालिकेत २०१६ साली '५०० लाइन्स ऑर लेस' आलं. वेब सर्व्हर, टेम्प्लेट इंजिन (ठरलेल्या साच्यात माहिती भरणारा प्रोग्रॅम), डेटाबेस, चक्क पायथनमध्ये लिहिलेला पायथन इंटरप्रिटर (पायथनचा कोड चालवणारा प्रोग्रॅम), प्रत्येक गोष्ट पाचशे ओळींच्या आत. तुला पायथन येतंच. टेम्प्लेट इंजिनचं प्रकरण घे, कारण तुमच्या पावत्या कुठल्यातरी टेम्प्लेटमधूनच निघत असणार. कोड चिकटवू नकोस, टाइप कर. दोन आठवड्यांत 'आतलं कळत नाही' ही तक्रार निम्मी होईल.

बसमध्ये वेगळी पुस्तकं लागतात. साखळी-पणजी फेरीत जागा मिळाली तरी मांडीवर लॅपटॉप उघडता येत नाही, तेव्हा मशीनशिवाय वाचता येतील अशी. पहिलं चार्ल्स पेट्झोल्ड यांचं 'कोड', १९९९ चं, सुधारून वाढवलेली आवृत्ती २०२२ ची. रात्री समोरासमोरच्या घरांतली दोन मुलं टॉर्चने एकमेकांशी बोलतात, तिथून ते सुरू होतं. मोर्स, ब्रेल, तारयंत्र, रिले असं करत करत शेवटी तुझ्या हातात पूर्ण कंप्युटर बांधून देतं. इंग्रजी सोपं, घाई कुठेच नाही. तुझ्या यादीत ते नसेल तर ती यादी करणाऱ्याला काही कळत नाही असं खुशाल समज.

दुसरं क्लिफर्ड स्टोल यांचं 'द कुकूज एग', १९८९. तू हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर काम करतेस, तुला तर आवडेलच. १९८६ साली कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत कंप्युटरच्या वापराच्या बिलात ७५ सेंटचा फरक लागत नव्हता. स्टोल मूळचे खगोलशास्त्रज्ञ, त्यांना तो फरक शोधायला बसवलं. त्या पाऊण डॉलरच्या मागे लागत ते जर्मनीतल्या हानोफरपर्यंत पोचले. तिथे बसून अमेरिकी लष्कराची माहिती चोरून सोव्हिएत गुप्तहेरांना विकणारा माणूस सापडला. घुसायची वाट होती ग्नू ईमॅक्स या मुक्त टेक्स्ट एडिटरबरोबर येणाऱ्या एका छोट्या प्रोग्रॅममधली, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनीही ते वाचलेलं बरं. बसस्टॉप चुकेल एवढीच भीती.

फ्रेड ब्रुक्स यांचं 'द मिथिकल मॅन-मंथ' १९७५ चं आहे आणि काही ठिकाणी फारच जुनं वाटतं. पण आधीच उशीर झालेल्या प्रोजेक्टवर आणखी माणसं घातली तर उशीर वाढतो, हे त्यांनी आयबीएमच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमवरच्या अनुभवातून सांगितलं ते प्रकरण वाचच. सीझन तोंडावर आला की हॉटेलांच्या सॉफ्टवेअरवर घाईघाईने नवी मुलं बसवतात, ते तू बघतच असशील.

राहिली ओपन सोर्सवरची पुस्तकं. इथे वाचणाऱ्यांची एक गंमत होते. सगळे एरिक रेमंड यांच्या 'द कथीड्रल अँड द बझार'वर थांबतात. १९९७ चा तो निबंध आहे, एका बैठकीत संपतो, आणि वाचायलाच हवा. नेटस्केपने १९९८ मध्ये आपला ब्राउझर खुला केला त्यामागे त्याचाही हात होता. पण भरपूर डोळे असले की चुका लपत नाहीत, हे त्यातलं लाडकं सूत्र जपून घ्यावं. इंटरनेटवरचा संवाद गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीतली हार्टब्लीड ही चूक मार्च २०१२ च्या आवृत्तीपासून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. इंटरनेटवरचे कितीतरी सर्व्हर ती लायब्ररी वापरत होते. उघडकीला आली एप्रिल २०१४ मध्ये. डोळे असून उपयोग काय, बघत कोणीच नव्हतं. मार्च २०२४ मध्ये फाइल दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड नावाच्या लायब्ररीत कोणीतरी चोरदरवाजा बसवल्याचं कळलं. दोनेक वर्षं गोड बोलून, कामं करून देऊन त्याने एकट्या, थकलेल्या मेंटेनरचा विश्वास मिळवला होता. सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या प्रोग्रॅमरला दूरच्या मशीनवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, आणि त्याला ते खटकलं. तुझी वेलांटी आणि त्याचा अर्धा सेकंद, दोघांची जात एकच.

म्हणून रेमंडनंतर लगेच नादिया एग्बाल वाच. 'वर्किंग इन पब्लिक' हे त्यांचं २०२० चं पुस्तक आपल्या खिशाला महाग पडेल. २०१६ चा 'रोड्स अँड ब्रिजेस' हा त्यांचा अहवाल मात्र फुकट आहे. आपण सगळे ज्यावर उभे आहोत ते सॉफ्टवेअर किती थोडी माणसं, बहुतेकदा बिनपगारी, सांभाळतात ते त्यात कळतं. ते वाचलंस की इश्यू लिहिताना तुझी भाषा आपोआप बदलेल, आणि भीतीही जाईल. पलीकडे कोणी परीक्षक बसलेला नाही, कामाने वाकलेला एक माणूस आहे. हल्ली त्याच्या डोक्यावर एआयने लिहिलेल्या खोट्या तक्रारींचं ओझं पडलंय. कर्ल हे सॉफ्टवेअर १९९८ पासून सांभाळणारे डॅनियल स्टेनबर्ग याबद्दल २०२४ पासून उघडपणे लिहीत आहेत. तेव्हा एआयकडून परिच्छेद समजावून घे, इंग्रजी तपासून घे. पण स्वतः चालवून न पाहिलेली एक ओळही कुणाच्या इश्यूत टाकू नकोस.

रिचर्ड स्टॉलमन यांच्या निबंधांचा संग्रह 'फ्री सॉफ्टवेअर, फ्री सोसायटी' फुकट मिळतो. माणूस हट्टी आहे आणि लेखनही हट्टी आहे. सगळं पटणार नाही, पटायची गरजही नाही. १९८३ मध्ये ग्नूची, म्हणजे युनिक्ससारखी पण मुक्त सिस्टिम बनवायच्या प्रकल्पाची, घोषणा करताना त्यांना नेमकं काय खुपत होतं तेवढं समजलं तरी पुरे, कारण परवान्यांची सगळी भांडणं तिथून निघतात. कार्ल फोगेल यांचं 'प्रोड्यूसिंग ओपन सोर्स सॉफ्टवेअर' (२००५, हेही फुकट) आत्ता वाचू नकोस. तुझ्या दोन-चार पुल रिक्वेस्ट ('माझा बदल घ्या' अशा विनंत्या) मंजूर झाल्या आणि एक नाकारली गेली, की मग वाच. नाकारलेली का नाकारली ते त्यात सापडेल.

घरी वीज जाते, गोंधळ असतो, असं असेल तर पणजीत पाटोवरचं मध्यवर्ती ग्रंथालय बसस्टँडपासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. कागदावरचं वाचन तिथे कर. विकत घ्यायचंच तर 'कोड' एवढं एकच घे, नवी आवृत्ती. मी सांगितलेल्यातलं बरंचसं लेखकांनी स्वतःच फुकट ठेवलंय, त्यामुळे कुठून कुठून उतरवलेल्या त्या पीडीएफ खुशाल उडव.

आणि एफपीडीएफ२ वर काम सुरू करण्याआधी मालकाशी बोलून घे. ऑफिसच्या वेळेत चालेल का, ऑफिसचा कोणता कोड बाहेर गेलेला चालणार नाही, हे विचार, आणि उत्तर ईमेलवर घे. ते कुरकुरले तर हिशेब मांड. चित्र चिकटवलेली पावती शोधता येत नाही, तिच्यातलं नाव कॉपी होत नाही, फाइल जड होते, आणि मजकूर बदलला की पुन्हा चित्र करा. तेच काम लायब्ररीत गेलं तर पुढच्या प्रत्येक देवस्थानाची पावती तुम्हाला जास्तीचा पैसा न घालता मिळते.